चढायचं, घसरायचं शिल्प

मुलांनो, तुमच्या गावातल्या चौकात पुतळा आहे ना? असणारच. उंच चौथरा, भोवती लोखंडी कठडा, कठड्याच्या दाराला कुलूप. जयंतीच्या दिवशी शिडी लावून कुणीतरी वर चढतं, हार घालतं आणि खाली उतरतं. बाकी वर्षभर आपण लांबूनच नमस्कार करायचा. संग्रहालयात गेलात तर तिथे पाटीच लावलेली असते : 'वस्तूंना हात लावू नये.' ते बरोबरच आहे म्हणा. हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तीच्या नाकाला रोज शंभर हात लागले, तर नाक उरायचं नाही!

पण आज मी तुम्हाला अशा एका शिल्पाची ओळख करून देणार आहे, ज्याला कुणी हात लावला नाही तर ते अपुरंच राहतं. नुसता हात नव्हे बरं का! त्याच्या पोटातल्या पायऱ्या चढायच्या, वर निघायचं, बूड टेकायचं आणि गोल वळण घेत सुर्रकन खाली यायचं. हे शिल्प जपानमध्ये आहे, अगदी उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, सापोरो शहरातल्या ओदोरी बागेत. नाव आहे 'ब्लॅक स्लाइड मंत्र'. ब्लॅक म्हणजे काळी, स्लाइड म्हणजे घसरगुंडी. आणि मंत्र? तो आपलाच शब्द. तो तिकडे कसा गेला, ते पुढे येईलच.

दोन मोठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर जेवढी उंची होईल, साधारण तेवढं हे शिल्प उंच आहे. काळ्या ग्रॅनाइटचं, शंखासारखं वळलेलं. मागच्या बाजूने आत शिरलं की अरुंद जिना लागतो. चढणारं मूल बाहेरच्यांना दिसेनासं होतं आणि थोड्या वेळाने एकदम माथ्यावर उगवतं. मग वळणदार पन्हळीतून खाली. घसरगुंडी सरळ असती तर वर बसल्या बसल्या शेवट दिसला असता. इथे वळणापलीकडे काय आहे ते घसरल्याशिवाय कळत नाही. गंमत तिथेच आहे.

ते घडवलं इसामू नोगुची या शिल्पकाराने. मुलांनी घसरून घसरून दगड गुळगुळीत केला की मगच शिल्प पूर्ण व्हायचं, अशी त्यांची कल्पना होती. छिन्नी शिल्पकाराची, पण शेवटची झिलई मुलांच्या चड्ड्यांची!

आता त्या मंत्राची गोष्ट. १९४९ साली नोगुची भारतात आले होते. हातात कॅमेरा घेऊन ते देशभर हिंडले. जयपूर आणि दिल्लीची जंतरमंतरं त्यांना फार आवडली. तुमच्यापैकी कुणी जयपूरला सहलीला गेलं असेल तर आठवा. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी बांधलेली ती वेधशाळा. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ. एक प्रचंड तिरकी भिंत, तिच्यावरून सरळ आकाशाकडे गेलेला जिना, आणि दोन्ही बाजूंना वळलेले दगडी पट्टे. त्या पट्ट्यांवरून भिंतीची सावली सरकते आणि वेळ कळते. आहे ते यंत्र, पण न सांगता कुणाला दाखवलं तर तो म्हणेल, काय सुंदर शिल्प आहे! जिना, उतार आणि वळण. नोगुचींच्या घसरगुंडीत हेच तीन आकार आहेत, आणि नावातला मंत्रही जंतरमंतरचाच.

नोगुचींचा जन्म १९०४ सालचा, अमेरिकेतला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन लेखिका. लहानपण गेलं जपानमध्ये. तिथली मुलं त्याला परका समजायची. तेराव्या वर्षी आईने त्याला एकट्याला बोटीने अमेरिकेला शिकायला धाडलं. म्हणजे तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलाएवढा! आणि अमेरिकेत गेल्यावर तिथले लोक त्याला जपानी समजू लागले. कुठलंच अंगण धड आपलं नाही. मोठेपणी या माणसाने मुलांच्या खेळायच्या जागेचा ध्यास घेतला, त्यामागे हे असेल का? मला तरी तसं वाटतं.

१९३३ साली त्यांनी एक नमुना तयार केला. नाव दिलं 'प्ले माउंटन', खेळाचा डोंगर. न्यूयॉर्कमधला चार रस्त्यांमधला एक अख्खा चौक घ्यायचा आणि तिथे जमिनीचाच डोंगर उभा करायचा. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला लांबलचक उतार. हिवाळ्यात बर्फ पडला की त्यावरून घसरगाडी हाणायची, उन्हाळ्यात पाण्याच्या पन्हळीतून घसरायचं. झोपाळा नाही, सीसॉ नाही. डोंगर हेच खेळणं.

तुम्हाला यात नवल वाटायचं नाही. कारण दिवाळीत तुम्ही दुसरं काय करता? दगडमातीचा ढीग रचता, त्याला आकार देता, पायऱ्या कोरता, हळीव पेरून हिरवळ आणता. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावरचे मावळे मातीचे असतात. नोगुचींना हाडामांसाचे मावळे हवे होते.

नमुना घेऊन ते न्यूयॉर्कच्या उद्यान खात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांच्याकडे गेले. मोझेसना हसू आवरेना. त्यांनी आपल्याला जवळजवळ हाकलूनच दिलं, असं नोगुचींनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मोझेस काही मुलांचे वैरी नव्हते. त्यांनी त्या शहरात शेकडो क्रीडांगणं बांधली. पण सगळी एकाच साच्यातली : एक घसरगुंडी, चार झोपाळे, सीसॉ, वाळूचा चौकोन, भोवती कुंपण. खेळायचं कसं, ते आधीच ठरलेलं.

मग १९४०च्या सुमाराला हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरासाठी नोगुचींनी खेळण्यांचे आराखडे केले. त्यातला झोपाळा मला फार आवडतो. एकाच मोठ्या तिकोनी चौकटीला तीन झोपाळे, पण तिन्हींच्या साखळ्यांची लांबी वेगळी. आता सांगा पाहू, असं का केलं असेल?

उत्तर हवं तर हे करून पाहा. एक मीटर आणि पाव मीटर लांबीचे दोन दोरे घ्या. टोकांना सारखेच खडे बांधा, दोन्ही टांगा आणि हलकेच झोका द्या. लांब दोऱ्याचा खडा जाऊन परत यायला सुमारे दोन सेकंद घेईल, आखूड दोऱ्याचा सुमारे एकच. आता लांब दोऱ्याला जड खडा बांधा. तरी दोनच सेकंद! झोक्याचा वेग वजनावर नाही, दोराच्या लांबीवर ठरतो. शेजारी शेजारी बसलेली तीन मुलं तीन वेगळ्या तालांत झुलतायत आणि हळूच त्यांच्या लक्षात येतंय, की हे जाड्या-रोड्याचं काम नव्हे. पुस्तक न उघडता विज्ञानाचा धडा झाला की नाही?

होनोलुलूचं काम झालं नाही. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ही खेळणी पाहिली आणि नेहमीची शंका काढली. मुलं पडतील, त्यांना लागेल. शंका खोटी नव्हती. दुसरा कुणी असता तर रागावून निघून गेला असता किंवा कठडे लावत बसला असता. नोगुचींनी काय केलं? त्यांनी खेळणीच काढून टाकली! १९४१च्या नव्या आराखड्यात नुसती जमीन होती. कुठे उंचवटा, कुठे वाटीसारखा खोलगट भाग, कुठे लाटेसारखा उतार. जिथून पडावं असं उंच टोकच ठेवलं नाही. तरी लोळता येतं, लपता येतं, धावत वर जाता येतं. हरकत ऐकून घेऊन तिच्यातूनच नवी वाट काढली. आराखडा करणाऱ्याची खरी हुशारी मला इथे दिसते, त्या शंखाच्या वळणापेक्षाही जास्त.

या वेळी काम होईल असं दिसत होतं, तोच डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि सगळं बारगळलं. जपान आता शत्रू झाला होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना, अगदी तान्ह्या मुलांसकट, छावण्यांमध्ये डांबण्यात आलं. नोगुची राहायचे न्यूयॉर्कला. त्यांच्यावर सक्ती नव्हती. तरी ते आपण होऊन अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत गेले आणि तिथल्या लोकांसाठी बागा आणि मैदानांचे नकाशे काढू लागले. त्यातलंही काही उभं राहिलं नाही.

युद्धानंतर १९५२ साली संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीजवळच्या क्रीडांगणाचा आराखडा त्यांनी केला. पैसेसुद्धा जमले होते, पण पुन्हा मोझेस आडवे आले. १९६१पासून लुई कान या मोठ्या वास्तुकाराबरोबर त्यांनी नदीकाठच्या एका जागेचा आराखडा पाच वेळा बदलून केला. अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, आयआयएम, जिची इमारत बघायला लोक लांबून येतात, ती याच लुई कान यांची. १९६६मध्ये शहरात नवे महापौर आले आणि त्यांनी योजना रद्द केली. अखेर अमेरिकेतलं त्यांचं पहिलं क्रीडांगण १९७६ साली अटलांटा शहरात झालं. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते, आणि १९३३चा तो डोंगर अजून नमुन्यातच होता!

१९८६ साली इटलीतल्या व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांनी पांढऱ्या संगमरवराची एक भलीमोठी वळणदार घसरगुंडी मांडली, 'स्लाइड मंत्र' नावाची. जिथे लोक हाताची घडी घालून, मान तिरकी करून शिल्पं बघतात, तिथे घसरगुंडी! आपल्या सापोरोच्या काळ्या घसरगुंडीची ही थोरली बहीण. सापोरोसाठी दगड काळा घेतला, कारण तिथे हिवाळाभर बर्फ असतो. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसणार कसं?

ही काळी घसरगुंडी बसवण्याचीही एक गोष्ट आहे. ओदोरी बाग ही शहराच्या मधून गेलेली लांब पट्टी आहे. तिचे तुकडे पाडत मधून रस्ते जातात. नोगुचींच्या शिल्पासाठी जी जागा ठरत होती तिथे आधीपासून एक 'व्हेल डोंगर' होता, म्हणजे व्हेल माशासारखी साधी घसरगुंडी. तो हलवून तिथे शिल्प बसवायचा विचार होता. नोगुचींनी पाहिलं, तर त्या व्हेलवर मुलं मजेत खेळत होती. ते म्हणाले, हा हलवू नका. त्याऐवजी बागेच्या दोन तुकड्यांमधला रस्ताच बंद करा आणि माझं शिल्प त्या जागी बसवा. एवढा मोठा कलावंत, पण पोरांच्या जुन्या खेळण्याला त्याने धक्का लावू दिला नाही. शहराने त्यांचं ऐकलं. रस्ता बंद झाला आणि १९९२मध्ये शिल्प तिथे बसलं. ते पाहायला नोगुची मात्र नव्हते.

कारण मधल्या काळात, १९८८ साली, आणखी एक मोठं काम त्यांच्याकडे आलं होतं. मार्च महिन्यात सापोरो शहराने त्यांना काही जागा दाखवल्या. त्यात एक होती मोएरेनुमा. तिथल्या ऐनू या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं हे नाव. मोएरे म्हणजे संथ वाहणारी. नाव छान, पण जागा कसली? शहराचा कचरा टाकायची! १९७९पासून गाड्या तिथे कचरा ओतत होत्या. सगळा मिळून सुमारे २७ लाख टन. नोगुचींनी नेमकी तीच जागा पसंत केली. त्यांनी ठरवलं, की बागेत शिल्पं ठेवायची नाहीत, अख्खी बाग हेच एक शिल्प करायचं. जागा १८९ हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकरांहून जास्त. आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाची शेतीसुद्धा एवढी नसेल.

त्या वर्षी १७ नोव्हेंबरला, आपल्या ८४व्या वाढदिवसाला, ते तयार झालेल्या नमुन्यापुढे उभे होते. प्रमाण २००० पट लहान. म्हणजे खऱ्या बागेतले २० मीटर म्हणजे नमुन्यातला एक सेंटिमीटर. त्या नमुन्यात जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीचा एक डोंगर होता, एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला उतार. ओळखलंत ना? ५५ वर्षांपूर्वी हसण्यावारी नेलेला तोच!

३० डिसेंबर १९८८ला नोगुची वारले. पण सापोरोने काम सोडलं नाही. त्यांचे जुने सहकारी, वास्तुकार शोजी सदाओ यांच्या देखरेखीखाली ते चालू राहिलं आणि २००५ साली बाग पूर्ण झाली. प्ले माउंटन तिथे ३० मीटर उंच उभा आहे. नऊ-दहा मजली इमारतीएवढा. शेजारचा मोएरे डोंगर तर न जळणारा कचरा आणि बांधकामाची माती यांचाच रचलेला आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून ६२ मीटरवर. थंडीत त्याच्या उतारावर मुलं घसरगाड्या घेऊन येतात. ज्यांना खाली काय पुरलंय ते माहीत आहे तीही, आणि ज्यांना माहीत नाही तीही. चेरीच्या झाडांत लपवलेली खेळण्यांची सात ठिकाणं आहेत आणि सगळी मिळून १२६ खेळणी.

आपल्याकडे असं काहीच नाही असं मात्र समजू नका. मुंबईच्या मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आठवतो? आईबाबांना विचारा, आजीआजोबांनाही विचारा. त्या बुटाच्या खिडकीतून डोकावलेले कितीतरी निघतील.

आमच्या चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांनी शाळेमागच्या रिकाम्या जागेसाठी नमुने केले. त्याची पद्धत तुम्हालाही सांगते. शाडूची माती, पुठ्ठा आणि काडेपेटीतल्या काड्या एवढंच लागतं. प्रमाण असं : एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट. काडी साधारण चार सेंटिमीटरची, म्हणजे चार फूट उंचीचं मूल झालं! आधी काडी पुठ्ठ्यावर उभी करा आणि मगच माती लावा. काडी नसली की सगळ्यांचे डोंगर भलतेच उंच होतात. काडी शेजारी उभी राहिली की पायरीची उंचीही आपोआप ताळ्यावर येते.

"बाई, काळा दगड आपल्याकडे एप्रिलमध्ये तापेल की!" एक मुलगा म्हणाला. अगदी खरं. सापोरोला जे चालतं ते विदर्भ-मराठवाड्यात चालायचं नाही. दुपारी दोन वाजता त्या दगडावर बसायची हिंमत कोण करील? आमच्याकडे मातीचा उतार, त्यावर गवत आणि दक्षिण-पश्चिमेला सावलीसाठी कडुनिंब, असं ठरलं.

वर्गात एक मुलगी कॅलिपर लावून चालते. तिने सगळ्यांचे नमुने पाहिले. सगळ्यांना पायऱ्या होत्या. ती म्हणाली, "मला पण वर जायचंय. पण कुणी उचलून न्यायला नको." मग तिने स्वतःच्या टेकडीला पायरी ठेवलीच नाही. टेकडीला वळसे घालत जाणारी वाट केली. चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार योग्य समजतात, त्यात एक फूट चढायला बारा फूट लांब वाट लागते. टेकडी तीन फुटांची. म्हणजे छत्तीस फूट वाट! ती टेकडीभोवती गुंडाळायची कशी, यावर वर्गात दोन तास खल झाला. गणिताचे तास होते, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मजा म्हणजे वाट तयार झाल्यावर धडधाकट पोरांनाही तीच हवी झाली, कारण तिच्यावरून सायकलचं टायर पळवता येईल!

पालकांनाही थोडं सांगायचं आहे. बागेत मूल घसरगुंडीवर उलट्या बाजूने चढायला लागलं की आपण लगेच ओरडतो. वरून कुणी येत नसेल तर क्षणभर थांबून बघा. ते त्या वस्तूचा दुसरा उपयोग शोधत असतं. नोगुचींचे उतार त्यासाठीच होते, त्यांना सुलट-उलट बाजूच नव्हती.

तुमचा नमुना झाला, की माती पुरती सुकायच्या आत त्याच्यावर झारीने पाणी घाला. झारी म्हणजे आपला जूनमधला पाऊस. पाणी कुठे साचतं ते पाहा. साचलं तर तिथे डासांची वस्ती होणार, म्हणून उतार थोडा बदला किंवा पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत एक चर काढा. आमच्या वर्गातल्या दोघांनी मात्र डबकं मुद्दाम तसंच ठेवलंय. म्हणतात, पावसाळ्यात कागदी होड्या सोडायला हवं. डासांचं काय करायचं, ते दोघं सोमवारी सांगणार आहेत.